खालची कवळी, आतून

२ जानेवारी

खारू,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. चौदा महिन्यांनी आलं आणि तेही सव्वा पानाचं, पण आलं. हात धुतले, चष्मा पुसला, खुर्चीत नीट बसून वाचलं. मग उभा राहून परत वाचलं. माझा फोन तू उचलत नाहीस हे मी आता मनाला लावून घेत नाही. पत्र लिहितेस एवढं पुष्कळ झालं.

तुझ्या अटी मला मान्य आहेत, एकूण एक. सहा महिने सिगरेट नाही. घरात नाही, लॅबमध्ये नाही, गॅलरीत तर नाहीच नाही. सहा महिने पुरे झाले की मी तुझ्याकडे यायचं आणि छकुलीला मांडीवर घ्यायचं. ती आठ महिन्यांची असताना तू तिला घेऊन इथं आलीस आणि चौथ्या दिवशी तिला इस्पितळात न्यावं लागलं, त्याबद्दल मी इथं काही लिहीत नाही. तू लिहिलं आहेस तेवढं पुरे आहे.

पुरावा मागितलास त्याचं वाईट वाटलं नाही. नाही, वाटलं. पण मग हसू आलं. दुसऱ्या कुणाच्या मुलीनं बापाला शपथ घ्यायला लावली असती. तू दातांच्या लॅबमध्ये वाढलेली, तू माझ्या कवळीचा फोटो मागितलास. दर महिन्याच्या एक तारखेला, खालची कवळी, आतून. सात वर्षांची होतीस तेव्हा बेंचवर पाय हलवत बसायचीस आणि दुरुस्तीला आलेल्या कवळ्या उलट्या करून सांगायचीस, “बाबा, हा चहावाला. हा तंबाखूवाला. ही बाई नुसती औषधं खाते.” समोरून सगळेच घासतात. खालच्या पुढच्या दातांना आतून, जिथं जीभ टेकते, तिथं कुणाचा ब्रश पोचत नाही, धूर मात्र पोचतो. हे तुला मीच शिकवलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

तू म्हणतेस तसं करतो. जुनी कवळी टाकून देतो, नवी बनवतो आणि तिला परत पॉलिशचं चाक लावत नाही. लावलं तर तुला कळेलच, चकाकी ओळखायलाही तू माझ्याकडेच शिकलीस.

एकच विनंती आहे. शनिवार मला असू दे. साडेसहा ते साडेआठ, मी, ड्रायव्हर आणि बाइंडर, दोन ग्लास आणि खारे शेंगदाणे. बावीस वर्षं झाली. मी दारुडा नाही हे तुलाही माहीत आहे आणि तुझ्या आईलाही. तुझी आई ‘आठ दिवस जाऊन येते’ म्हणून तुझ्याबरोबर गेली तेव्हापासून आठवड्यात माझ्याशी माणसासारखं कोण बोलत असेल तर ही दोन माणसं. बाकी सगळा दिवस मी दातांशी बोलतो, आणि त्यांना जीभ नसते.

तुझा,
बाबा


२१ जानेवारी

खारू,

एकोणीस दिवस झाले. शौर्यपदक नको, पण नोंद असू दे.

पहिल्या आठवड्यात हातांचं काय करावं कळेना. चाळीस वर्षं बेंचवरच्या बर्नरवर मेण वितळवता वितळवता त्याच ज्योतीवर सिगरेट पेटवली. आता ज्योत पेटवली की हात आपोआप खिशाकडे जातो आणि तिथं तू सांगितलेली बडीशेप सापडते. परवा एका बाईंच्या कवळीत उजवीकडचा दात डावीकडे बसवला. ट्रायलला दंतवैद्यांनी फोन केला, “काका, तब्येत बरी आहे ना?” म्हटलं, तब्येत उत्तम आहे, तेच दुखतंय.

सिगरेट सोडवणाऱ्या केंद्रात जाऊन आलो. तिथल्या समुपदेशक बाई तुझ्याच वयाच्या, आणि तुझ्यासारख्याच, म्हणजे हसून बोलतात आणि एक इंच मागे हटत नाहीत. मी शनिवारचं सांगितलं तशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

“काका, निदान तीन महिने ते पण बंद ठेवा.”

“बाई, मी सिगरेट सोडायला आलोय.”

“ह्या दोघी जुळ्या बहिणी आहेत. एकीला घरात घेतलं की दुसरी मागच्या दारानं येते.”

मी म्हटलं, “रविवार ते शुक्रवार तुमचा. शनिवार माझा.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते उलटं वाचता आलं नाही.

पण खरं सांगू का, शनिवार छान जातोय. बारमध्ये आत ओढायला बंदी आहे, त्यामुळे ते दोघं अधूनमधून खाली जिन्यात जातात आणि मी टेबल सांभाळतो. इतकी वर्षं मी जे पीत होतो त्याला चव असते, हे मला या वयात कळतंय. पहिला घोट जिभेवर ठेवला की लाकडाचा वास येतो, थोडा गुळासारखा गोडवा. शेंगदाणे खारे आहेत हेसुद्धा नव्यानं कळलं. बाइंडर म्हणतो, “हा आता नाक वर करून पितो, याच्याशेजारी बसायला लाज वाटते.” खूप हसलो. दुसऱ्या ग्लासाला बोटं जरा शिवशिवतात, नाही असं नाही. तेव्हा मी शेंगदाण्यांची सालं काढत बसतो.

छकुली आता किती शब्द बोलते? लिहायचं नसेल तर नको लिहूस.

बाबा


१ फेब्रुवारी

खारू,

फोटो सोबत आहे. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढलाय. चहाचा डाग दिसेल, तो आहेच. चहा सोडायचा करार नव्हता.

जावईबापूंना नमस्कार. आईला सांग, कपाटाची किल्ली सापडली, ती म्हणाली तिथंच होती. तिथंच असते हे मला माहीत होतं, पण ते म्हणायला कुणीतरी लागतं.

बाबा


१० मार्च

खारू,

फेब्रुवारीतला आणि मार्चचा, दोन्ही फोटो पोचल्याचं तू लिहिलंस. ‘ठीक आहे’ असे दोन शब्द लिहिलेस आणि त्याखाली छकुलीच्या हातानं एक रेघ ओढून घेतलीस. ती रेघ मी बेंचसमोरच्या भिंतीला लावली आहे. बाजारातली सगळ्यात महाग चित्रंसुद्धा झक मारतात.

काल शनिवार होता. एक गोष्ट सांगायची आहे.

ते दोघं खाली जातात आणि मी वर बसतो, हे तुला लिहिलं होतं. जानेवारीत पाच मिनिटं जायचे. आता पंधरा मिनिटं जातात. टेबलावर तीन ग्लास आणि मी एकटा. वेटर येऊन विचारतो, “अजून कुणी येणार आहे का?” ते वर येतात तेव्हा हसत येतात, आणि कशाला हसताय विचारलं तर बाइंडर म्हणतो, “जाऊ दे रे, खालचं होतं.” बावीस वर्षं खालचं आणि वरचं असं काही नव्हतं.

काल बाइंडर सहज म्हणाला, “मग त्या फोडाचं काय म्हणाला डॉक्टर?” ड्रायव्हरनं त्याला डोळ्यानं दाबलं. मी विचारलं, कसला फोड? तेव्हा कळलं. ड्रायव्हरच्या टाळूला महिनाभर फोड आहे, भरत नाही. बाइंडरला तीन आठवड्यांपासून माहीत आहे. जिन्यात सांगितलं होतं.

मी दातांचा माणूस, खारू. त्याचे वरचे दोन दात मी केलेत. टाळूला न भरणारा फोड म्हटल्यावर जगात पहिल्यांदा मला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “मला का नाही बोललास?” तर ड्रायव्हर म्हणाला, “तू वर होतास ना.” रागानं नाही, सरळ म्हणाला. मी खरंच वर होतो.

मग ते परत खाली गेले तेव्हा मीही गेलो. नुसता उभा राहिलो. अरुंद जिना आहे, पायऱ्या झिजलेल्या, भिंतीला पाठ टेकून तिघं उभे राहिलो की कुणाचा तरी गुडघा कुणाला तरी लागतो. तिथं ड्रायव्हरनं मला तोंड उघडून दाखवलं, बाइंडरनं मोबाइलचा उजेड धरला. मला जे दिसलं ते मला आवडलं नाही. त्याला म्हटलं, सोमवारच्या सोमवारी इस्पितळ गाठ. तो “हो” म्हणाला आणि त्यानं सिगरेटचा झुरका घेतला.

मी नुसता उभा होतो, एवढंच सांगायचं होतं.

बाबा


१ एप्रिल

खारू,

फोटो सोबत. सगळं उत्तम. तू म्हणालीस तसा मागच्यापेक्षा जास्त जवळून काढलाय.

काम खूप आहे, म्हणून थोडक्यात.

बाबा


१७ मे

खारू,

आज तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ड्रायव्हर एप्रिलच्या मध्यापासून शनिवारी येत नव्हता. म्हणाला होता, महिनाभर बहिणीकडे जातोय, तपासण्या झाल्या, काही विशेष नाही. आम्ही विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं सोयीचं असलं की माणूस चटकन ठेवतो.

सोमवारी मोठ्या इस्पितळाकडून लॅबला डबा आला. मापं नेहमी तशीच येतात, ओल्या कापडात गुंडाळलेली, वर चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नसतं, नुसता नंबर, पुरुष, वय एकसष्ट, वरचा जबडा. मी मापात प्लास्टर ओतलं, तासाभरानं साचा सोडवला आणि हातात घेऊन फिरवला. उजवीकडे मागे, टाळू असायला हवी तिथं भोक होतं. माझा अंगठा आत जाईल एवढं. अशी कामं मी वर्षाला सात-आठ करतो. टाळू कापून काढलेल्या माणसाला प्लेट बनवून द्यायची, म्हणजे पाणी नाकातून येत नाही आणि बोललेलं समजतं.

मग मी साचा डावीकडून पाहिला. बाहेर आलेला सुळा आणि त्याच्या शेजारची फट. ती फट मी बारा वर्षांपूर्वी भरून देतो म्हणालो होतो आणि ड्रायव्हर म्हणाला होता, “राहू दे, शिट्टी तिथूनच वाजते.”

मित्राचं तोंड मी असं ओळखलं, खारू. चेहरा नाही, आवाज नाही, हातातल्या प्लास्टरवरून.

चार दिवस दुसरं काम घेतलं नाही. काल प्लेट घेऊन स्वतः गेलो. तो मला बघून भिंतीकडे वळला, मग परत वळला. त्याच्या बहिणीनं काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं आणि ते कुणालाच कळलं नाही, सगळं नाकातून गेलं. डॉक्टरांनी प्लेट बसवली. बसली. मी त्याला म्हटलं, “बोल काहीतरी.” त्यानं दोनदा आवंढा गिळला आणि म्हणाला, “शनिवारी कोण येतं रे?”

स्वच्छ शब्द. एकूण एक अक्षर. मी बाहेर येऊन बाकावर बसलो आणि मोठ्यानं रडलो, शेजारच्या माणसानं पाण्याची बाटली पुढे केली.

आता सिगरेटकडे बघवतसुद्धा नाही. तू वेळेवर माझे कान धरलेस.

बाबा


२८ जून

खारू,

तारीख लिहिलीस! सात जुलै, रविवार, अकरा वाजता. मी ते पान बाइंडरला दाखवलं, इस्पितळात ड्रायव्हरला वाचून दाखवलं, आणि लॅबमध्ये माप द्यायला आलेल्या अनोळखी गृहस्थांनाही सांगितलं. ते म्हणाले, वा.

‘बाबा, तुम्ही करून दाखवलंत’ असं तू लिहिलंस. तुझं अक्षर त्या ओळीत थोडं वेगळं आहे. ते पत्र लिहिताना तुझ्याशी कुणी बोलत होतं की तू थांबली होतीस?

काय आणू तेवढं कळव. नको म्हणालीस तरी आणीन.

बाबा


२ जुलै

खारू,

हे पत्र मी बाइंडरजवळ देणार आहे आणि त्यानं ते माझ्यासमोर पेटीत टाकायचं आहे. माझ्या हातात ठेवलं तर जाणार नाही. शुक्रवारी, फार तर शनिवारी तुला मिळेल. रविवारच्या आधी मिळायला हवं.

मी सिगरेट सोडलेली नाही.

नऊ मार्चला जिन्यात मी नुसता उभा नव्हतो. ड्रायव्हरचं तोंड बघून झाल्यावर त्यानं पाकीट पुढे केलं, नेहमीच्या सवयीनं, आणि मी घेतली, नेहमीच्या सवयीनं. दुसरा ग्लास पोटात होता. पण दारूवर ढकलत नाही. पहिल्या झुरक्याला मला जे वाटलं ते धुराचं सुख नव्हतं. तिघांचे गुडघे लागत होते आणि मी परत खाली होतो, त्यांच्यात होतो. नऊ आठवडे मी वर बसून चव घेत होतो. अरे, चव कुणाला पाहिजे होती?

केंद्रातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तीन महिने शनिवार सोडा म्हणाल्या. मी नाही सोडला. सोडला असता तर कदाचित जमलं असतं, आणि ड्रायव्हरचा फोड मला इस्पितळातून आलेल्या डब्यातच कळला असता. यातलं बरोबर काय ते मला अजून सांगता येत नाही.

आता कवळीचं ऐक. तुला सगळ्यात जास्त राग याचा येईल.

त्या शनिवारनंतर सोमवारी मी स्वतःच्याच साच्यावर दुसरी खालची कवळी केली. नव्या कवळीची जुळी. एक दात किंचित कललेला आहे, तो तितकाच कलवला. हिरडीवरच्या बारीक रेषा सुईनं कोरल्या. इतकं सुंदर काम मी दहा वर्षांत कुठल्या पेशंटसाठी केलं नसेल. एक कवळी शनिवारची, एक बाकीच्या दिवसांची. तुला बाकीच्या दिवसांच्या कवळीचा फोटो. मी स्वतःला सांगितलं, आठवड्यातून एक दिवस म्हणजे सोडल्यासारखंच आहे.

एप्रिलमध्ये बुधवार आला. मग बुधवार आणि गुरुवार. मग मी वार मोजणं बंद केलं. आता फोटोतली कवळी पाण्याच्या पेल्यात असते. महिन्याचे शेवटचे दोन दिवस मी तिला चहात बुडवून ठेवतो. कारण अगदी कोरी दिसली तर तुला संशय आला असता. तू चहाचा डाग शोधशील हे मला ठाऊक होतं. तो सापडल्यावर तू बाकीचं खरं मानलंस. तुला शिकवलेलं सगळं मी तुझ्यावरच वापरलं.

आणि मे महिन्यात इस्पितळातून बाहेर येऊन रडलो ते खरं आहे. पाण्याची बाटलीही खरी. मग मी फाटकाबाहेर पडलो आणि बसथांब्यापर्यंत दोन ओढल्या. मित्राच्या तोंडातलं भोक या हातांनी बुजवून, त्याच हातांनी. रात्री तुला लिहिलं, बघवत नाही म्हणून. जित्याची खोड, असं लोक हसून म्हणतात. मला हसू येत नाही. त्या दिवशी जर सुटली नाही तर ती कशानं सुटणार, हे मला सांग. मला भीती वाटते खारू, मरणाची नाही, या गोष्टीची.

इस्पितळावरून ती दुसरी गोष्टही लिहून टाकतो, जी आपण दोघं कधी बोललो नाही. छकुलीला धाप लागली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी ओढतं का? तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, नाही. गॅलरीत ओढली होती, दार नीट लागलं नव्हतं, आणि मी म्हणालो, नाही. ते दोन तास भलतंच काहीतरी शोधत बसले आणि ती पोर तोवर तशीच श्वास ओढत होती. तू धुरामुळे गेली नाहीस. तू त्या ‘नाही’मुळे गेलीस. मला तेव्हाच कळलं होतं. तरी गेले चार महिने दर एक तारखेला मी तुला तेच उत्तर पाकिटात घालून पाठवतोय.

आता तू म्हणशील, मग आज का सांगताय?

काल संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला. तू छकुलीला घेऊन बाहेर गेली होतीस, म्हणून केला असावा. दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलली. मग एकदम आवाज खाली केला आणि म्हणाली, “अहो, येताना नवीन शर्ट घ्या. दुकानातूनच घालून या. कपाटातला एकही घालू नका.”

मी विचारलं, “का?”

“का काय? चाळीस वर्षं तुमचे कपडे मी धुतलेत,” ती म्हणाली. “आणि आल्या आल्या हात धुवा, मगच तिला घ्या. मी दारातच पाणी ठेवते.”

खारू, तिला माहीत आहे. कधीपासून ते मी विचारलं नाही. तिनं मला एका शब्दानं टोकलं नाही. ती मला आत घ्यायची तयारी करते आहे. तिला मी तिथं पाहिजे आहे आणि मला तिथं यायचं आहे, एवढं एकच आम्हाला दोघांना दिसतंय.

फोन ठेवला आणि मी खाली जाऊन शर्ट आणला. पांढरा. अंघोळ केली, पेल्यातली कवळी घातली, शर्ट घातला आणि आरशासमोर उभा राहिलो. मी चांगला दिसत होतो. सहा महिने सिगरेट सोडलेल्या माणसासारखा दिसत होतो. हसून पाहिलं. तू विश्वास ठेवला असतास. मीच ठेवला घटकाभर. मग शर्ट काढून नीट घडी घातली, त्याला वास लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला, आणि गॅलरीत जाऊन पेटवली.

आता सोडतो, असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुला परत सहा महिने मोजावेसे वाटतील. माझं तोंड परत बघायचं की नाही हे तू ठरव. त्यात मी काही मागत नाही.

पण रविवारबद्दल सांगायला हवं. हे पत्र लिहून झालं म्हणजे मी येणार नाही, असं समजू नकोस. मी स्वतःला ओळखतो. आज मंगळवार आहे, आज मी शहाणा आहे. शनिवारी दोन ग्लास होतील, बाइंडर म्हणेल, “एकदा बघून तर ये पोरीला.” रविवारी सकाळी मला वाटेल, पत्र कदाचित पोचलं नसेल. वाटेल, एका तासात काय होतंय, लांबूनच बघू. मी तो शर्ट घालीन आणि निघीन. अकरा वाजता तुझ्या दाराबाहेर असेन. बेल वाजवीन. तू आत आहेस हे मला कळेल, छकुलीचा आवाज येईल, मी परत वाजवीन. तुला हाक मारीन, लहानपणी मारायचो तशी. रडेनसुद्धा, आणि ते रडणं खोटं नसेल.

तू दार उघडू नकोस. छकुलीला आतल्या खोलीत घेऊन जा. आणि आईला एकटीला बाहेर सोडू नकोस, ती उघडेल.

बाबा